हार घातलेला तोच

मनमोहन धैर्यवानवर लंडनमध्ये खुनाचा खटला चालला तेव्हा त्याचा म्हणून जो चेहरा सगळ्या मुंबईत गाजला, तो माझा होता. हे मी हल्ली कुणाला सांगायला जात नाही. सांगितलं की लोक आधी हसतात, मग फोटो आहे का विचारतात आणि मग त्यांना सगळी हकीकत पहिल्यापासून हवी असते. मला तिचा कंटाळा आला आहे. एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी कागद हातात देऊन मोकळा होईन.

मनमोहन आणि मी गिरगावातल्या एकाच वाडीतले. त्याचे वडील लवकर गेले, माझी आई. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि पुढची दोन वर्षं मी मनमोहनच्या आईच्या हातचं जेवलो. सुमतीमावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, पण माशाचा मधला तुकडा त्या न चुकता माझ्या ताटात टाकायच्या आणि मनमोहन ताटावरून उठून जायचा. हे सांगून ठेवतो, कारण पुढे मी जो गाढवपणा केला त्याला दुसरं काही कारण मला सापडलेलं नाही.

छप्पन साली मनमोहन विम्याच्या परीक्षा द्यायला लंडनला निघाला. वाडीच्या क्लबाने निरोपसमारंभ केला. मी क्लबाचा सेक्रेटरी, म्हणजे खुर्च्या मांडणारा. मनमोहनला झेंडूचा वास लहानपणापासून सोसत नाही, शिंकांवर शिंका येतात. फोटोग्राफर ओरडायला लागला, तेव्हा मनमोहनने गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात टाकला, मला मधल्या खुर्चीत दाबून बसवलं आणि स्वतः मागच्या रांगेत कडेला जाऊन उभा राहिला. शिंक आलीच तर चटकन बाजूला होता यावं म्हणून. त्यामुळे त्या फोटोत सत्कारमूर्ती दिसतो तो मी, आणि मनमोहन दिसतो कुणाचा तरी आतेभाऊ.

अठ्ठावन्न सालच्या ऑगस्टमध्ये बातमी आली. मनमोहनची घरमालकीण जिन्याखाली मान मोडून मेलेली सापडली होती. आदल्या संध्याकाळी तिचं आणि मनमोहनचं स्वयंपाकघरात सुके बोंबील भाजण्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते शेजारच्या दोन घरांनी ऐकलं होतं. पोलिसांनी त्याला धरला. बोंबील मावशींनीच पार्सलने पाठवले होते.

इथली एक-दोन इंग्रजी वर्तमानपत्रं आधी चार ओळी छापून गप्प बसली होती. पण मराठीत एक सायंदैनिक होतं, त्याचं नाव घेत नाही, त्यांच्या मुख्य बातमीदाराला, हेरंबरावांना, वास लागला. मी कचेरीत असताना ते वाडीत येऊन गेले. मावशींनी भिंतीवरचा ग्रुप फोटो काढून दिला. शेजारणी दारात उभ्या होत्या, त्यांनी मला नंतर सांगितलं. हेरंबरावांनी विचारलं, "हार घातलेला तोच ना?" आणि मावशी "हो" म्हणाल्या. बिचारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं शेजारणी म्हणाल्या. मीही तेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी लोअर परळला गिरणीच्या कचेरीतून सुटून डिलाईल रोडवर आलो तर पेपरवाल्याच्या फळीवर मीच. मोठा, चौकोनी, हारासकट. वर मथळा होता, ‘सुक्या बोंबलावरून मडमेचा खून! गिरगावच्या तरुणाला अटक.’ मी दोन अंक विकत घेतले. दोन का घेतले ते अजून मला कळलेलं नाही.

पहिले पंधरा दिवस लाजेचे गेले. म्हणजे लोकांच्या. मनमोहनने गिरगावचं नाव घालवलं, असं जो तो म्हणत होता. इराण्याकडे चहा प्यायला बसलो की समोरचा माणूस पेपर आणि मी, पेपर आणि मी, अशी मान हलवायचा. एकाने उठून विचारलं, "जामिनावर सुटून आलात?" लंडनहून जामिनावर सुटून कुणी गिरगावात चहा प्यायला येतो का? पण चिडून चिडून किती जणांवर चिडणार. मी म्हणायचो, "नाही हो, तो मी नाही." मग ते म्हणायचे, "मग भाऊ असाल." आणि माझ्याकडे जास्तच वाईट नजरेने बघायचे.

मग वारं फिरलं. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार होऊन अडीच वर्षं झाली होती, संयुक्त महाराष्ट्राचा निकाल लागत नव्हता, आणि कुठलीही गोष्ट असो, तिच्यात मराठी माणसावर झालेला अन्याय सापडल्याशिवाय लोकांना चैन पडत नव्हतं. लालबागच्या एका सभेत कुणीतरी वक्ता बोलून गेला, की साहेब हिंदुस्थानातून गेला तरी मराठी तरुणाला पिंजऱ्यात उभा करायची त्याची हौस गेलेली नाही, आणि मुंबई आपल्याला नाकारणारे यावर मूग गिळून बसले आहेत. झालं. आठ दिवसांत ‘मनमोहन धैर्यवान बचाव समिती’ निघाली. परळपासून काळाचौकीपर्यंत भिंतींवर माझा चेहरा लागला. खाली लिहिलं होतं, ‘हा खुनी वाटतो काय?’

आता इराणी माझ्याकडून पैसे घेईना. गिरणीतला गुणाजी जॉबर, म्हणजे मुकादम, मला जिन्यात थांबवून म्हणाला, "सायबानु, तुमी घाबरा नको, आमी हंय आसंव." गुणाजीला पक्कं ठाऊक होतं की मी अच्युत मानकर, रोज त्याच्या हजेरीचे कागद तपासणारा. तरी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला मी काय सांगणार?

मला हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगी दादरची, नाव लीला, शाळेत शिकवायची. मी फोटो पाठवला होता, त्यांनी पसंत केला होता, मग पाहणं झालं. पाहण्याच्या दिवशी पोह्यांत मीठ नव्हतं आणि ते तिने स्वतःच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तेव्हाच मी मनात हो म्हटलं होतं. त्यानंतर आम्ही चार-पाच वेळा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत माझी वाट बघत कुणी कट्ट्यावर बसलेलं नव्हतं. ते मला फार आवडायला लागलं होतं.

लीलाचे वडील अण्णा, कचेरीतून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"अच्युतराव, मला ठाऊक आहे तो तुम्ही नव्हे," ते म्हणाले. "पण आमच्या बिल्डिंगमध्ये सोळा बिऱ्हाडं आहेत. पाहायला आलात तेव्हा सगळ्यांनी तुम्हाला पाहिलंय. कुणी विचारतं जावई, कुणी विचारतं जावयाचा भाऊ. पुण्याहून लीलाच्या काकांचं पत्र आलंय, मी वाचून दाखवत नाही. तुम्ही एवढं करा. पेपरात दुरुस्ती छापून आणा. ती मी काकांना पाठवतो आणि तारीख काढतो."

रास्त होतं. मी त्याच संध्याकाळी सायंदैनिकाच्या कचेरीत गेलो. हेरंबराव शिव्या खाऊन खाऊन मऊ झालेले गृहस्थ होते. त्यांनी मला बघितलं, माझ्या मागच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"छापतो हो, दुरुस्ती छापायला काय लागतं," ते म्हणाले. "पण नुसतं ‘हा तो नव्हे’ असं छापून वाचक ऐकणार आहे का? मग तो कोण, असं विचारेल. खरा फोटो आणून द्या. ह्याच ग्रुप फोटोत असेल ना? बोट ठेवा, उद्याच्या उद्या छपाईचा ब्लॉक करतो."

ग्रुप फोटो त्यांच्या टेबलावरच पडला होता. मागची रांग, डावीकडून पहिला. बोट ठेवायला अर्धा क्षण लागला असता. पण मावशींना न विचारता ठेवायचं मला बरं वाटेना. "उद्या सांगतो," म्हणालो आणि उठलो.

मावशी भिंतीशी बसून तांदूळ निवडत होत्या. फोटो काढल्याची चौकोनी जागा भिंतीवर तशीच पांढरी दिसत होती. मी सगळं सांगितलं. त्या ताटावरून नजर न उचलता ऐकत राहिल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"मी मुद्दाम सांगितलं रे. डोकं माझं फिरलं नव्हतं." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "तो मनुष्य म्हणाला, हार घातलेला तोच ना? मला वाटलं, देवानेच विचारलं. मनमोहन सुटला आणि परत आला तर त्याला तोंड दाखवायला कुठंतरी जागा हवी ना, अच्युत? तू इथंच आहेस. तुला सगळे ओळखतात, तू रोज कचेरीत जातोस, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? त्याला जन्मभर तो चेहरा घेऊन फिरायचंय."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, इतका राग आला की मी दारापर्यंत गेलो. माझं लग्न मोडेल, असं मी ओरडूनच सांगितलं.

"नाही मोडायचं," मावशी म्हणाल्या. "तो येईपर्यंत थांब. आला की मी स्वतः त्याला दादरला घेऊन जाईन. तुझ्या सासऱ्यासमोर दोघांना उभं करीन. तेवढं थांब."

मग त्या रडल्या. मुलाला धरल्याची बातमी आली त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या, असं वाडीत सगळे सांगायचे. मी परत आत येऊन त्यांच्याजवळ बसलो. हेरंबरावांकडे गेलो नाही.

लीलाला मी कट्ट्यावर खरं ते सगळं सांगितलं. 

"तुम्हाला त्यांचं वाईट वाटलं, हे मला कळतं," ती म्हणाली. "पण तुम्ही माझ्याशी लग्न ठरवलंय की त्यांच्या फोटोशी?"

"तो येईपर्यंत फक्त."

"आणि नाही आला तर? फाशी दिली तर? मग तुम्ही फासावर गेलेले असताना मी कुंकू कुणाच्या नावाने लावायचं?" असं म्हणून तिला स्वतःलाच हसू आलं आणि लगेच तिने माझ्या हातावर हात ठेवला. "थांबते मी. अण्णांना मी सांभाळते."

खटला ऑक्टोबरअखेर उभा राहिला आणि आठ दिवस चालला. त्या आठ दिवसांत मी काय काय होतो! सोमवारी मी साक्षीदारांना खोटं पाडलं, बुधवारी माझी उलटतपासणी झाली, शुक्रवारी मी कोलमडलो. परळला फळ्यावर रोज खडूने बातमी लिहायचे आणि ती वाचणारी माणसं मागे वळून मला वाट करून द्यायची. रात्री घरी आलो की तात्या, माझे वडील, एवढंच विचारायचे, "आज काय झालं तुला?" त्यांना विनोद करायचा नसायचा. सवयीने तोंडून जायचं. आणि मीही सवयीने सांगायचो, "आज बरं गेलं."

मनमोहन सुटला. बाईंना रक्तदाबाचा विकार होता, जिन्यातला दिवा गेलेला होता, आणि ढकलताना कुणी पाहिलं नव्हतं. पंचांनी निर्दोष ठरवलं. लालबागला फटाके वाजले. इराण्याने मला बनमस्का दिला. मावशींनी साखर वाटली आणि पहिली चिमूट माझ्या तोंडात घातली.

बोट तीन आठवड्यांनी लागणार होती. मी हेरंबरावांना गाठलं. त्यांनाही कल्पना आवडली. बॅलार्ड पियरवर आम्हां दोघांना शेजारी शेजारी उभं करायचं, एकच फोटो, खाली दोन नावं. दुरुस्तीची दुरुस्ती आणि बातमीची बातमी. मनमोहनच्या चेहऱ्याला आता लपायचं काय कारण होतं? तो निर्दोष होता, लोक त्याला डोक्यावर घ्यायला बसले होते. मावशी हो म्हणाल्या नाहीत, पण नाही असंही म्हणाल्या नाहीत. मी लीलाला आणि अण्णांनाही पियरवर बोलावलं. त्यांनी दोघांना एकदम बघावं आणि विषय संपावा.

पियरवर हजारभर माणूस जमलं होतं. समितीचे लोक, लेझीम, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’च्या घोषणा. मी आणि मावशी टॅक्सीतून उतरलो आणि पुढचं मला नीटसं आठवतही नाही. कुणीतरी ओरडलं, "आले! आले!" मला वाटलं, मनमोहन आला. मी मागे वळून बघतो तर सगळे माझ्याकडेच धावत होते. बोटीतून उतरणाऱ्यांच्या वाटेने मी आलो नव्हतो, उलट्या बाजूने आलो होतो, पण चेहरा ओळखीचा असला की वाट कोण बघतो. गळ्यात हार पडले. एक, दोन, पाच, मग मोजणं गेलं. झेंडू नाकात जात होता. मी ओरडत होतो, "अहो, मी नाही, अच्युत मानकर मी," आणि लेझीमच्या आवाजात ते मलाच ऐकू येत नव्हतं. मला खांद्यावर घेतलं.

वरून मला मनमोहन दिसला. काळा कोट, डोक्यावर हॅट, हातात एक बॅग. वाळला होता. मावशी त्याच्या दंडाला धरून त्याला गर्दीच्या कडेकडेने टॅक्सीकडे नेत होत्या. त्याने एकदा वर बघितलं. आमची नजरानजर झाली. मग त्याला शिंक आली, त्याने रुमाल तोंडाला लावला आणि तो टॅक्सीत बसला.

मला खाली उतरवलं तेव्हा माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं. काळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन पुढे आले. फार प्रेमळ चेहरा होता त्यांचा. त्यांनी पेढा माझ्या तोंडात घातला आणि कानाशी वाकून हळूच विचारलं, "आता सुटलात. आता सांगायला हरकत नाही. ढकललंत का हो तिला?"

तोवर लेझीम थांबलं होतं. मी पेढा गिळला आणि म्हणालो, "नाही हो. मी हातसुद्धा लावला नाही तिला."

म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात हेरंबरावांच्या माणसाने फोटो घेतला.

संध्याकाळी मनमोहन माझ्याकडे आला. आम्ही गॅलरीत उभे राहिलो. मी त्याला एवढंच म्हणालो की माझ्याबरोबर दादरला चल, पाच मिनिटं उभा राहा. तो म्हणाला की परवा तो मामाकडे इंदूरला जातोय, तिथे त्याला कुणी ओळखत नाही, आणि आता त्याला कुणासमोर उभं राहायचं नाही. आठ दिवस तो पिंजऱ्यात उभा होता.  मग ते माझ्या तोंडातून निघून गेलं.

"मन्या, तू ढकललं नाहीस ना तिला?"

तो खालच्या चौकाकडे बघत होता. "तुला आज कुणी विचारलं?"

"विचारलं एकाने."

"काय सांगितलंस?"

"नाही म्हणालो."

"मग झालं तर," मनमोहन म्हणाला आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. हारांच्या ढिगातून वर आलेला मी, आणि खाली एकच नाव. त्याच दिवशी लीलाचा निरोप आला, म्हणून मी कट्ट्यावर गेलो. ती आधीच येऊन बसली होती. मी लगेच सुरुवात केली, की हेरंबरावांनी घोटाळा केला, अण्णा आले नाहीत हे एका परीने बरंच झालं, आपण उद्या पुन्हा...

"अण्णांचा गुडघा दुखत होता," लीला म्हणाली. "मी आले होते."

"कुठे? मला दिसली नाहीस."

"त्या पेढेवाल्या आजोबांच्या मागे. दोन हातांवर." तिने पर्समधून एक पाकीट काढलं आणि मांडीवर धरून ठेवलं. "तुम्हाला त्यांनी विचारलं, ढकललंत का. तुम्ही म्हणालात, नाही. अहो, ‘मी तो नव्हे’ एवढंच म्हणायचं होतं. त्याच्यासाठीच तर आपण गेलो होतो ना? लेझीम थांबलं होतं. सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मला ऐकू गेलं असतं."

"दमलो होतो गं मी."

"दिसत होतं मला." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "अण्णांना मी समजावलं असतं. काकांना समजावलं असतं. सोळा बिऱ्हाडांना दारोदार जाऊन सांगितलं असतं, की तो माझा नवरा नव्हे. पण तुम्हीच त्यांच्या वतीने उत्तर द्यायला लागलात, तर मी कुणाला काय सांगू?"

 तीन महिने ज्याला-त्याला सांगत होतो, तो मी नाही, तो मी नाही, आणि जिथे सांगायचं होतं तिथेच माझं तोंड दुसऱ्याचं झालं होतं. तिने पाकीट माझ्या हातात दिलं, "बस येईल आता," म्हणाली आणि उठली. मी तिच्या मागे गेलो नाही. जायला हवं होतं, हे मला बस सुटल्यावर कळलं.

पाकिटात लग्नासाठी पाठवलेला माझा फोटो होता. अजून आहे माझ्याकडे. स्टुडिओतला साधाच फोटो आहे, गळ्यात हारबिर काही नाही. मागे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, अच्युत मानकर, वय एकोणतीस, गिरगाव.